गुलाबी चिठ्ठ्यांची टोपली

दत्तराव हेडक्लार्कच्या लेखी जगात माणसं दोनच जातीची होती. एक त्याच्या वहीत नाव असलेली आणि दुसरी नसलेली. वालूरच्या बीजोत्पादक संघात सव्वीस वर्षं त्यानं वह्या लिहिल्या. कोणाच्या रानात कोणतं बी पेरलं, शेजारच्या वावरापासून किती अंतर सोडलं, तपासनीस कधी येऊन गेला, सगळं त्याच्या टपोऱ्या अक्षरात. बियाणं म्हणून शिक्का हवा असेल तर दत्तरावाच्या वहीतला उतारा लागे. उतारा नाही मिळाला तर तीच ज्वारी मोंढ्यावर खाण्याच्या ज्वारीत ओतावी लागे. त्यामुळं भले भले बागायतदार पायरीखालूनच त्याला रामराम घालायचे.

ब्याण्णव साली संघात काँप्युटर आला. आला तो आला, सोबत सत्यशीलाही आली.

सत्यशीला वालूरचीच लेक. चुडाव्याला दिली होती. नवऱ्यानं दुसरी करून घरात आणली आणि हिला गोठ्यात झोपवलं. चार वर्षांची पोर कडेवर घेऊन भावाच्या दारात आली, परभणीला काँप्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि संघात लागली. भावजयीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पगार हाय तवर भाकर हाय. न्हाई तर चुडाव्याची गाडी सेलूवरून रोज सुटती." म्हणजे बघा, ही नोकरी तिची नोकरी नव्हती, डोक्यावरचं छप्पर होतं.

तिनं वर्षभरात दत्तरावाच्या सगळ्या वह्या मशीनमध्ये उतरवल्या. काम संपलं त्या दिवशी अध्यक्ष बन्सीधरराव भर बैठकीत म्हणाले, "दत्तराव, तुमच्या वह्यांना आता पेन्शन द्या."

सगळे खदखदा हसले. दत्तरावही हसला. पण घरी जाऊन त्यानं वह्यांचं गाठोडं ओसरीत आपटलं आणि बायकोवर, नर्मदाबाईवर, खेकसला, "घाल चुलीत! रद्दी हाय रद्दी! आता आमाला कोण इचारतंय?" आणि तणतणत झोपला. सकाळी राग उतरल्यावर त्यानं मनाची समजूत घातली, की वह्या आतल्या पेटीत गेल्या असतील. अक्षराचा कागद नर्मदाबाई कधी चुलीत घालायची नाही, पायसुद्धा लागू द्यायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं ते खरंच होतं. पेटी मात्र त्यानं कधी उघडून पाहिली नाही.

औरंगाबादहून आलेला इंजिनिअर जाताना सत्यशीलाला एक फ्लॉपी देऊन गेला होता. तिच्यात डिस्क तपासायचा प्रोग्रॅम होता. सकाळी मशीन लावलं की आधी तो चालवायचा. तो हार्ड डिस्कचा कोपरान्‌कोपरा वाचून बघे आणि शेवटी पडद्यावर आकडा दाखवे, इतक्या जागा खराब. इंजिनिअर म्हणाला होता, "बाई, डिस्क एकदम मरत नाही. आधी कण्हते. दोन-तीन जागा खराब दिसल्या तर घाबरू नका. पण आकडा वाढायला लागला, की त्याच दिवशी मला फोन करा आणि सगळी माहिती कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून घ्या."

कोऱ्या फ्लॉप्या दत्तरावाच्या कपाटात, कपाटाची किल्ली दत्तरावाच्या करगोट्याला. ट्रंककॉल लावायचा तर दत्तरावाची परवानगी. आणि साहेबाला, म्हणजे बन्सीधररावांना, काही सांगायचं तर गुलाबी चिठ्ठीवर लिहून दत्तरावाच्या हातात द्यायचं, ही संघाची जुनी रीत. ही रीत घालून दिली होती, अर्थातच, दत्तरावानं.

जानेवारीत तिनं पहिली चिठ्ठी आणून दिली. "खराब जागा ३. कळावे." खाली तारीख आणि सही. दत्तरावानं वाचली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली.

आठवड्यानं ७. मग १९.

"काका, फ्लॉप्या द्या ना," सत्यशीला म्हणाली. ती त्याला काकाच म्हणायची. "इंजिनिअरला फोन पण लावायचाय. आकडा वाढायलाय."

"अगं, साहेबाच्या कानावर घातलंय मी," दत्तराव मायेनं म्हणाला. "इंजिनेर यायलाय ह्याच हप्त्यात. फ्लॉप्यावर साहेबाची सही पाह्यजे. तू कशाला जिवाला घोर लावून घेतीस?"

"मीच जाऊन बोलू का साहेबांशी?"

"बोल की. पण एकली बाई, नवऱ्यानं टाकलेली, साहेबाच्या बंद केबिनीत... लोकाच्या तोंडाला काय हात लावतीस? तुझ्याच भल्याचं सांगायलोय."

तिचा चेहरा पडला. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. रोज सकाळी चिठ्ठी मात्र न चुकता आणून देई, आणि दत्तराव ती न चुकता खिशात घाली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्याचा हिशोब सरळ होता. मशीन मरेल, पोरगी जाईल, ऐन शिक्क्याच्या दिवसांत संघाचे हातपाय गळतील, आणि मग दत्तराव आपल्या वह्या घेऊन पायरी चढेल. बन्सीधरराव स्वतः उठून खुर्ची देतील. रात्री डोळे मिटले की त्याला ती खुर्ची दिसायची आणि लय गोड झोप लागायची.

होळीच्या आदल्या दिवशी आकडा ४१ झाला. त्या चिठ्ठीत तिनं खाली लिहिलं होतं, "काका, पाया पडते, आज तरी साहेबांना दाखवा." दत्तरावानं तीही घातली खिशात. होळी झाली, ऊन तापलं, कोट खुंटीला लागला.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी डिस्क गेली. आधी आतून टकटक असा आवाज आला, मग तोही बंद पडला. पडदा काळा. सत्यशीला मशीनपुढं उभी राहून लहान पोरीसारखी रडली. दोनशे बारा शेतकऱ्यांच्या ज्वारी-करडईच्या नोंदी आत, आणि आठ दिवसांवर परभणीचे शिक्केवाले आलेले.

बन्सीधरराव धावत आले. इंजिनिअरनं फोनवर एवढंच विचारलं, "महिनाभर आधी आकडा वाढला असेल. मला का नाही कळवलं?" साहेबांनी सत्यशीलाकडं पाहिलं. सत्यशीलानं दत्तरावाकडं पाहिलं.

"चिठ्ठ्या दिल्या होत्या मी. काकांकडं. रोज."

"माझ्याकडं?" दत्तराव म्हणाला. "एक तर दाखव."

दत्तरावानं घसा खाकरला. "साहेब, पोर हाय, चुकली. त्याचं जाऊ द्या. माझ्या वह्या हायत ना घरी. आत्ता आणतो."

काय ती ऐट! रस्त्यानं जाताना त्यानं दोघातिघांना स्वतःहून रामराम घातला. घरी आला, पेटी उघडली, तर आत गोधड्या. गोधड्यांखाली अजून गोधड्या.

"वह्या कुठंयत गं?"

नर्मदाबाई अंगणात मेथ्या वाटत बसली होती. "कोणत्या? त्या रद्दीच्या? तुमी चुलीत घाल म्हणलात. पर अक्षर कसं जाळावं? सरस्वती हाय ती. मागल्या उन्हाळ्यातच भिजू घातल्या, मेथ्या घालून कुटल्या. हे काय, त्या लगद्याच्या सात टोपल्या झाल्या. दोन लेकींना दिल्या, बाकीच्यात डाळी हायत."

दत्तराव मटकन खाली बसला. समोर तुरीच्या डाळीची टोपली होती, आणि तिच्या काठाला त्याच्याच हातचा अर्धा 'श्री' अजून दिसत होता.

घटकाभरानं तो उठला. जी जीभ एकदा खोटं बोलली होती, तिला दुसऱ्यांदा काय जड? संघात जाऊन म्हणाला, "साहेब, मी विसरलो होतो. वह्या मी ह्या बाईच्याच ताब्यात दिल्या व्हत्या, उतरवून घ्यायला. हिनं परत केल्याच न्हाईत."

सत्यशीलाला त्याच दिवशी कामावरून काढलं. परभणीच्या शिक्क्याच्या कचेरीला लेखी कळवलं गेलं, 'सदर कर्मचारी महिलेने सूचना दिली नाही व मूळ दप्तर गहाळ केले.' खाली बन्सीधररावांची सही. दोनशे बारा जणांचं बी मोंढ्यावर ओतलं गेलं. जाता येता माणसं सत्यशीलाच्या भावाच्या दारापुढं थुंकत होती.

नर्मदाबाईला ह्यातलं आतलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरगी चुडाव्याला परत चालली एवढंच तिनं ऐकलं आणि तिचा जीव हळहळला. सासरी जाणाऱ्या लेकीला रिकाम्या हातानं कसं वाटेला लावावं? तिनं नवीन केलेली टोपली नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीला ती टोपली घेऊन थेट साहेबांच्या केबिनीत शिरली. ह्या वेळी तिनं कोणाला विचारलं नाही. साहेबांपुढं दत्तराव उभाच होता.

टोपलीच्या बाहेरच्या अंगानं, शोभेला म्हणून, गुलाबी कागद खळीनं चिकटवले होते. धुवायला काढलेल्या कोटाच्या खिशात सापडलेले. नर्मदाबाईला वाचता येत नव्हतं, तरी ओळीनं लावले होते बिचारीनं. खराब जागा ३. खराब जागा ७. खराब जागा १९. काका, पाया पडते.

साहेबांनी टोपली हातात घेऊन फिरवत फिरवत सगळं वाचलं.

साहेबांनी टोपली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "माझी सही गेलीय वर. आता काय लिहू? न वाचता सही ठोकली म्हणून लिहू?"

"साहेब, नोकरी नका देऊ," सत्यशीला म्हणाली. "पण मी सांगितलं होतं, एवढं तरी लिहा. लोक माझ्या पोरीच्या अंगावर थुंकायलेत."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "दत्तराव, दार लावा. आणि ती बादली घ्या इकडं."

दत्तरावानं टोपली पाण्यात दाबून धरली. टोपली चांगली घोटून केलेली होती, लवकर विरघळेना. बोटांनी खरवडावी लागली. गुलाबी रंग पाण्यात उतरला, शाई फुटली, आकडे गेले. सत्यशीला शेवटपर्यंत उभी होती. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. सगळं विरल्यावर म्हणाली, "येते काका," आणि दुपारच्या गाडीनं पोरीला घेऊन चुडाव्याला गेली.

संध्याकाळी दत्तराव घरी आला. नर्मदाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पोरीला टोपली आवडली का वो?"

"आवडली," दत्तराव म्हणाला.

"मंग अजून तसले गुलाबी कागद आणा की हापिसातून. तिच्या लेकीला एक धाकली करून धाडते."