दोनशे वॅटची पेटी

"मेल्या माणसाला नावं ठेवताना जीभ कशी अडखळत न्हाई तुमची?" शेवंताकाकू नवऱ्यावर तडकली होती. "बळवंतभावजी असते तर हे तोंड उघडलं असतं का?"

"असते तर त्यांनाच इचारलं असतं," हणमंतकाका पेटीवर आणखी एक गोणपाट टाकत म्हणाले. "तारच कमजोर घातलीया त्यांनी. तीन दिस झालं, नव्वद अंडी गार पडत चाललीत. मी काय आता कोंबडीसारखं वर बसू?"

"बसा की. तेवढं तरी काम व्हईल तुमच्या हातनं."

शेडच्या दारात उभ्या असलेल्या अहिल्याने हे सगळं ऐकलं. ऑफिसातून अर्धी रजा टाकून ती दिल्लीतल्या मयूर विहारहून आली होती. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. हणमंतकाका आणि बाबा फरीदाबादच्या एकाच कारखान्यात राबले. कारखाना सुटल्यावर काकांनी यमुनेच्या काठाला जमीन खंडाने घेतली आणि कोंबड्या पाळल्या. अंडी उबवायची ही पेटी बाबांनी त्यांना आपल्या हाताने करून दिलेली.

काकूने वळून पाहिलं. "आलीस व्हय पोरी? ऐकलंस वाटतं."

"ऐकलं," अहिल्या म्हणाली. "बघू द्या मला."

बाहेर धुकं मोहरीच्या पिकावर चिकटून बसलं होतं. पेटीच्या काचेतून पारा चौतीसवर दिसत होता. हवा होता साडेसदतीस. अंड्यांचा बारावा दिवस. अजून काही तास असेच गेले, तर आतले जीव वाचणार नव्हते.

तिने झाकण उचललं. आतल्या बाजूला बाबांची पेन्सिल: २३० व्होल्ट, ०.८७ अँपिअर. दुसऱ्याच्या हाती दिलेल्या प्रत्येक वस्तूवर ते असं माप टिपून ठेवत. अक्षराकडे फार वेळ पाहायचं नाही, असं ठरवून तिने पिशवीतून बाबांचाच मीटर काढला.

फोन थरथरला. सेक्शन ऑफिसरचा. तिने तो उलटा ठेवला.

"किती आलं गं?" काकू मागे येरझाऱ्या घालत होती.

"व्होल्टेज एकशे साठ. करंट पॉइंट शेहेचाळीस."

"म्हंजी चांगलं का वाईट?"

अहिल्याने कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार मांडला. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे पेटी तापवणाऱ्या तारेचा रोध. बाबांचा दोनशे चौसष्ट ओहम, आताचा तीनशे अठ्ठेचाळीस. मग गुणाकार केला. दोनशे वॅटच्या जागी जेमतेम चौऱ्याहत्तर.

तिने पुन्हा मोजलं. आकडे तेच.

"काका, तारेचा रोध आपोआप एवढा वाढत नाही. कुणी हात लावला होता का पेटीला?"

काका गोणपाटाच्या सुतळ्या ओढत राहिले.

"बोला की आता," काकू म्हणाली. "मघा लई बोलत हुता."

"काल सकाळी दोन हात तार जोडली," काका अखेर म्हणाले. "थंडीनं ऊब कमी पडायली. चुलीत लाकडं वाढवली की आच वाढती. म्हटलं, तार वाढवावी."

"आणि उलट झालं."

"आणखीच गार पडली," काका कबूल झाले.

"तुम्ही पाट लांबवलात, की शेवटच्या वाफ्याला पाणी जास्त जातं का?"

काकांनी मान खाली घातली. पाणी त्यांना कळत होतं.

"मग सांग त्यांना नीट," काकू म्हणाली, "की भावजींची चूक नव्हती."

अहिल्याने मेन बंद केला आणि जोडलेली तार काढून टाकली. पुन्हा मोजलं: पॉइंट एकसष्ट. रोध दोनशे बासष्ट. बाबांची तार होती तशीच होती. तिला क्षणभर बरं वाटलं. मग तिने गुणाकार केला.

अठ्ठ्याण्णव वॅट.

"काय झालं?" काकूने तिचं तोंड पाहिलं.

"निम्मीच ऊब आहे अजून. गावभर हीटर चाललेत, लाइनच पडलीय. एकशे साठवर दोनशे वॅट काढायचे, तर तार निम्मी करावी लागेल."

"निम्मी म्हंजी?"

"कापून."

तारेचा एकेक वेढा बाबांनी जाड सुईवर गुंडाळला होता, सारख्या अंतराने. अहिल्याने पक्कड उचलली, ठेवली. पाऱ्याकडे पाहिलं. तेहेतीस.

"उद्या लाइन आली पूर्ण, तर अंडी भाजायची न्हाईत ना?" काकांनी विचारलं.

"ऊब पुरेशी झाली की थर्मोस्टॅट वीज बंद करेल. तार सोसेल."

तिने मध्य मोजून पक्कड दाबली. टक् असा बारीक आवाज झाला. टोक नीट पिळून बसवलं, मेन सुरू केला. एक पॉइंट बावीस. एकशे पंचाण्णव वॅट. तार अंधुक लाल झाली.

काका तुटका अर्धा तुकडा हातात घेऊन उभे होते. "बळवंतरावांनी तरी एवढी लांब कशापायी घातली म्हणायची?"

"त्यांनी धरलं होतं, की सरकार सांगतं तेवढी वीज येते," अहिल्या म्हणाली.

शेवंताकाकू खुदकन हसली, आणि लगेच पदराने डोळे टिपू लागली. काकांनी तो तुकडा कागदात गुंडाळला आणि अहिल्याच्या हातात दिला.

तिघंही काचेसमोर बसून राहिली. पारा चौतीस झाला, मग हळूहळू पस्तीस.