नारळाचं पाणी पडलेलं पेडल

महिपतने नागपूरहून आणलेल्या डब्याला शकुबाईने हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि नारळ फोडून त्याचं पाणी डब्यावर शिंपडलं. घरात नवी वस्तू आली की बेला गावात हे होणारच. मोटरसायकलला होतं, फवारणीच्या पंपाला होतं, मग नवऱ्याच्या वाजवायच्या यंत्राने काय पाप केलं? डबा तसा जुनाच होता, नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याने वापरून झिजवलेला. पण या घराला तर नवाच ना! महिपत अंघोळ करून बाहेर आला तेव्हा पाणी तिन्ही बटणांच्या फटींतून आत मुरलं होतं.

"अवं, हे काय करून ठेवलं तू!" म्हणत त्याने डबा उचलून लुगड्यासारखा झटकला. शकुबाई हातात नारळाची वाटी धरून उभी राहिली. तिला वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

त्या डब्याला पेडल म्हणतात. बेस गिटारची वायर त्यात खुपसायची, त्यातून दुसरी वायर अ‍ॅम्प्लिफायरला न्यायची, आणि वाजवताना पायाने दाबलं की गिटारचा जाड आवाज उठून येतो, त्याला धार येते. महिपतला ती धार हवी होती, कारण त्याची जागा जायला टेकली होती. आदिलाबादच्या व्यंकटरावांच्या ऑर्केस्ट्रात तो मिसरूड फुटल्यापासून बेस वाजवत होता. शेतीत त्याचा हात कधी चालला नाही. घर चालायचं ते या चार तारांवर. आणि यंदा व्यंकटरावांनी नवा कीबोर्ड घेतला. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेसही वाजवून दाखवू लागला. त्यात महिपत ठेक्याच्या मागे पडायला लागला. उटनूरच्या कार्यक्रमात तर गाणं संपलं तरी हा आपला वाजवतच राहिला, आणि लोक हसले.

"बेल्याचा गणपतीचा प्रोग्राम शेवटचा," व्यंकटराव म्हणाले होते. "तिथं जमलं तर ठीक. नाहीतर बेस कीबोर्डवर."

"माहाच आवाज मले येत नाई दादा. खोकी जुनी झाली आपली," महिपत म्हणाला होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं सगळ्यांनी मनात म्हणून घेतलं. पण महिपत बहाणा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की स्पीकरच्या खोक्यांतूनच आवाज मरतोय. एवढी वर्षं तो त्याच खोक्यांना खेटून उभा राहत आला होता, कारण तिथे उभं राहिल्याशिवाय चौघांच्या गोंगाटात बेसवाल्याला स्वतःचं वाजवणं कळत नाही. म्हणून तो नागपूरला गेला आणि पेडलच्या बदल्यात आपलं मेंडोलिन देऊन आला. ज्यावर हात बसला ते मेंडोलिन! परत येताना एसटीत त्याने रुमाल डोळ्यांवर घेतला होता, झोपेचं सोंग करून.

आज संध्याकाळी कार्यक्रम, आणि पेडलच्या पोटात नारळाचं पाणी.

त्याने मागचं झाकण उघडलं. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून सगळं पुसलं, डबा उन्हात ठेवला, नवी बॅटरी घातली. दुपार कलली तेव्हा वायरी जोडून त्याने पायाने बटण दाबलं आणि जाड तार छेडली. आवाज आला, पण गोधडीखालून यावा तसा. धार कुठेच नव्हती. त्याने आवाजाचं बटण पुरं फिरवलं, धारेचं पुरं फिरवलं. गोधडी हटेना. नागपूरवाल्याने आत एक बारका स्क्रू दाखवला होता. तो उजवीकडे पिळला की आवाज चढतो, पण जपून, असं बजावलंही होतं. महिपतने तो पिळला. थोडा, मग आणखी थोडा.

"गेलं," तो म्हणाला. "मेंडोलिनबी गेलं अन् हेबी गेलं. तुह्या नारळानं मले बुडवलं, शकू! आता काय मी लोकाच्या वावरात कापूस वेचू?"

शकुबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. त्याला वाटलं, आपलं बोलणं हिला सोसवत नाही. त्याचा राग आणखी चढला. त्याने स्क्रू शेवटपर्यंत पिळला आणि सगळा जीव बोटात आणून तार ओढली.

मांडणीवरची स्टीलची परात थरथरत कडेला आली आणि फरशीवर पडली. गोल गोल फिरत त्याच्या पायाशी येऊन थांबली.

महिपत परातीकडे पाहत राहिला. परात पडली की अर्धी गल्ली दचकते. शकुबाई दचकली होती, समोरच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली होती. त्याला मात्र काही वाजलेलं कळलं नव्हतं. त्याने गिटार बाजूला ठेवली, परात उचलली आणि उंचावरून टाकली. मग पुन्हा उचलून आपटली. कुठेतरी लांब, कोणीतरी नख वाजवावं तेवढंच आलं.

पेडल धड होतं. नारळही निर्दोष होता.

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. शकुबाई जवळ आली तसे त्याने तिचे दोन्ही हात धरले. "व्यंकटरावले सांगू नको. कोनालेच नको सांगू. देवाजीच्या ढोलकीवरच्या हाताकडं पाहून वाजवतो मी, आजचा दिवस निभावून नेतो. एकदा जागा टिकली की मंग पाहू."

तिने मान हलवली, काहीतरी म्हणाली.

"काय म्हनून राह्यली?"

ती पुन्हा बोलली. त्याला नुसते ओठ दिसले. "जोरानं बोल नं! शपथ घे!"

शकुबाई त्याच्या कानाशी वाकली. छातीतला सगळा वारा एकवटून ती ओरडली, "नाई सांगत! तुमाले ऐकू येत नाई हे मी कोनालेच नाई सांगत!"

ऑर्केस्ट्राचा टेम्पो आला म्हणून बोलवायला आलेला ढोलकीवाला देवाजी दारात उभा होता. त्याने एक चप्पल काढली होती. ती त्याने परत पायात घातली आणि शकुबाईकडे न बघता टेम्पोच्या दिशेने चालू लागला.

महिपतची दाराकडे पाठ होती. त्याने डोळे पुसले, मोकळा श्वास सोडला आणि कार्यक्रमाचा इस्त्रीचा शर्ट मागितला.