धोट्यातला पिवळा दोरा

मित्रांनो, मी सुपारीच्या लाकडाचा एक जुना धोटा, पोटात दोरा घेऊन मागावर आडवा धावणारा. मला घडवणारी बोडो माणसे मला माखु म्हणतात. आज मी टोकियोतल्या फुनाबोरीत, सहाव्या मजल्यावर आहे, आणि माझे पोट रिकामे आहे.

बोडो-कछारी लोक उत्तरेच्या डोंगरांतून, पाण्याच्या कडेकडेने आसामात उतरले, असे म्हातारी माणसे सांगत. कधी, हे कोणी लिहून ठेवले नाही. माझ्या घरची मात्र एक रीत होती. मुक्काम हलला की माग मागे राही, धोटा सोबत येई, आणि नव्या कापडाची पहिली ओळ जुन्या कापडाच्या उरलेल्या दोऱ्याने विणली जाई. तेवढाच त्यांचा दाखला.

मग एका दुपारी दंगलीत गाव पेटले. घरची विणकरीण कुमुदिनी जळता माग सोडून धावली; तिच्या मुठीत मी होतो, माझ्या पोटात अर्धवट कापडाचा पिवळा दोरा. निर्वासितांच्या छावणीत माग मांडायला जागा नव्हती. सात वर्षे मी तिच्या उशाशी पडून राहिलो.

तिचा मुलगा मिजिंग पुण्यात शिकला, ज्ञानदाशी लग्न करून नोकरीसाठी इथे आला. गेल्या हिवाळ्यात तो आईला भेटायला गेला, तेव्हा कुमुदिनीने मला त्याच्याबरोबर पुढे पाठवले. नातीला, ईश्वरीला, पहिले कापड विणायला ती स्वतः मागून येऊन शिकवणार होती.

ज्ञानदाने मला मायेने हाती घेतले. दोरा काळवंडला होता, त्याला धुराचा वास होता. तिने तो उकलून जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत टाकला आणि मला तेल लावले. मंगळवारी गाडी पिशवी घेऊन गेली.

वसंतात कुमुदिनी आली. खिडकीशी छोटा माग मांडून तिने मला उलटेपालटे केले.

“दोरा?”

“फार मळला होता, आई. मी साफ केलं,” ज्ञानदा हसत म्हणाली.

“मळ नव्हता. आपलं घर जळालं, त्याचा धूर होता.”

ज्ञानदा म्हणाली, “मला कोणी सांगितलं नाही, आई.”

“मी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. दोघींनी मिळून टाकला.”

ईश्वरीला सगळे कळले नव्हते. “आबै, स्टेशनजवळ शंभर येनला दोरा मिळतो. पिवळाही असतो,” ती आजीला म्हणाली.

“आण. पण विणताना आधी बोटभर जागा सोड.”

“तिथे काय येणार?”

“काही नाही,” कुमुदिनी म्हणाली.

ईश्वरीने कापड पुरे केले. सुरुवातीला बोटभर नुसते उभे धागे आहेत. त्यांतून पलीकडची भिंत दिसते. कुमुदिनी परत गेली आणि पावसाळ्याआधी वारली.

मित्रांनो, घरातली एखादी मळकी वस्तू पुसण्याआधी विचारा, हा मळ कुठला. सांगणारे माणूस आहे तोवर विचारा. मला विचाराल, तर माझ्यापाशी आता फक्त तेलाचा वास आहे.