कच्ची सहा

मला वाईट म्हणायचं तर खुशाल म्हणा. एकतीस वर्षं नोकरी झाली माझी, लोकांचं ऐकून ऐकून कान किटलेत. शाळेचं नाव मात्र सांगत न्हाई. सणसवाडीच्या अलीकडं, कारखान्यांच्या मागं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा हायेत, तिथली दोन खोल्यांची शाळा. मी सिंधूबाई, तिथली मुख्याध्यापिका. दुसरे गुरुजी कायम कसल्या ना कसल्या ट्रेनिंगला. म्हंजी चार वर्ग आन् मी एकटी.

तवा ही तेजश्री आली. कासुर्डीची, डी.एड. झालेली. सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणार्थी, म्हंजी शिकाऊ मदतनीस. पहिल्या दिवशी इस्त्रीचा ड्रेस, ओढणीला पिना, हातात कोरी वही.

"बाई, मी काय करू?"

"आधी खिचडीचा तांदूळ निवड," म्हटलं. तर बसली की निवडायला! मला हसूच आलं. मग मी तरी कशाला सोडते? झाडलोट, पाण्याची टाकी, माझा चहा, मोबाईलवर हजेरी भरायची. एकदा सुनेची साडी पिकोला टाकून ये म्हटलं, तर तीसुद्धा टाकून आली. गरीब गाय नुसती.

तिला एकच पायजे होतं. शिरूरच्या एका खाजगी शाळेनं तिला सांगितलेलं, सहा महिन्यांचं अनुभवाचं पत्र आण, जूनपासून वर्ग देतो. बापानं, पोपटरावानं, दौंडचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. पत्र मिळालं तर नोकरी, न्हाई मिळालं तर मे महिन्यात लग्न. आन् त्या पत्रावर सही माझी. हे तिला पक्कं ठाऊक होतं आन् मलापण.

सहा पोरं माझ्या डोक्याला ताप होती. तिसरीत गेली तरी काना-मात्रा कळत न्हाई. ती तिच्या गळ्यात मारली. "व्हरांड्यात घेऊन बस, मला आवाज येऊ देऊ नको." चार महिने मी तिकडं ढुंकून बघितलं न्हाई.

मग मार्चमध्ये तपासणी लागली. साहेब येणार आन् एकेका पोराला उभं करून वाचायला लावणार. मागल्या वर्षी निम्मी पोरं खांबासारखी उभी राहिली, तवा साहेबांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं केली होती. ह्या खेपेला तसलं झालं असतं तर माझी बदली डोंगरात कुठंतरी ठरलेली. ह्या वयात एसटीचे धक्के कोण खाणार?

आदल्या दिवशी तेजश्रीला बोलवलं. "ती कच्ची सहा उद्या शाळेत नकोत. मारुतीच्या देवळात घेऊन बस, खेळव काहीतरी. साहेब गेले की आण."

"बाई, ती वाचत्यात आता. अपेक्षा तर धडाधडा वाचती. एकदा ऐका तरी."

"तू मला शिकवू नको गं. पत्र पायजे ना?"

ती वही उचलून व्हरांड्यात गेली.

तपासणी झाली झकास. साहेब खूश, दोनदा चहा प्याले. मी सगळ्याचा विचार केला होता, त्यांची गाडी कुठं लागलीय तेवढा सोडून. ड्रायव्हरनं सावली बघून ती देवळापाशी नेली होती. साहेबांना सोडायला गेले तर आतनं वाचायचा आवाज. खेळ राहिला बाजूला, ही बया पुस्तक उघडून बसलेली!

साहेब सरळ आत. अपेक्षा उभी राहिली. नांदेडकडनं आलेल्या मजुरांची पोर, आठ वर्षांची, पायात चप्पल न्हाई. साहेबांनी मधलंच एक पान काढून दिलं. पोरीनं सबंध पान वाचलं हो! कुठं अडखळली न्हाई, जिथं थांबायचं तिथं थांबली. मी आ वासून बघत राहिले.

"शाबास! कुठल्या शाळेची तू?"

"ह्याच. पण आज आम्हाला शाळेत जायचं न्हाई. आम्ही कच्ची हाय ना, बाईंनी सांगितलंय."

साहेब माझ्याकडं वळले. माझी जीभ बरोबर फिरली. "साहेब, मला कल्पनाच नाही. ही शिकाऊ मुलगी परस्पर घेऊन आली मुलांना. मी तर त्यांची गैरहजेरी मांडलीय. हिनंच काहीतरी सांगितलं असणार त्यांना."

तेजश्रीनं माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलली असती तर मी संपले असते. न्हाई बोलली. तिला वाटलं असणार, आज बाईंना सांभाळलं की बाई आपल्याला सांभाळतील.

"प्रशिक्षण बंद करा हिचं. आजच लेखी अहवाल द्या," साहेब म्हणाले आन् गाडीत बसले.

शाळेत आल्यावर ती टेबलापाशी उभी राहिली. "बाई, पत्राचं..."

"आता पत्र कसलं गं? अहवालावर माझी सही, पत्रावरपण माझीच. दोन्ही कसं चालंल?"

वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? लेकीच्या वयाची पोर. पण वाईट वाटलं म्हणून कुणी बदली ओढवून घेत न्हाई. आन् शाळेचे सगळे कागद तीच लिहीत होती, माझं अक्षर माझं मलाच लागत न्हाई. म्हटलं, "बस. मी सांगते, तू लिही."

बसली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. प्रशिक्षणार्थीने मुख्याध्यापिकेस न विचारता मुले शाळेबाहेर नेली. सूचना पाळत नाही. अध्यापनात रस नाही. तिथं तिचा हात जरा थांबला, मग तेही लिहिलं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान एका अंगाला धरून लिहीत होती. अक्षर मात्र कुठं हललं न्हाई.

शेवटी म्हणाली, "बाई, खाली माझीपण सही लागंल का?"

"लागंल की. वरील मजकूर मान्य, असं लिही आन् कर."

तिनं केली.