तलावाचे दोन मथळे

नऊ वर्षांपूर्वी ताईच्या जुन्या लॅपटॉपवर धाकटीने शहराच्या बातम्यांची वेबसाइट सुरू केली, तेव्हा घरच्यांनी नाकं मुरडली होती. आता तिच्या हाताखाली अठरा माणसं होती आणि नाकं मुरडणारेच सकाळी डोळे उघडल्याबरोबर तिची साइट उघडत. हे ती कुणाला विसरूही देत नसे.

तिची एक पद्धत होती. प्रत्येक बातमीला दोन मथळे द्यायचे. निम्म्या वाचकांना एक दिसे, निम्म्यांना दुसरा. तासाभरात ज्याला जास्त लोक भुलत, तो यंत्र आपणहून कायम करी. मंगळवारी तिने घाईघाईत स्वतःच एक बातमी चढवली. पहिला मथळा खरा होता: ‘पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद’. दुसरा नुसता चटकदार: ‘तलावाला कायमचं टाळं?’ मग ती मीटिंगला गेली. लोकांनी कोणता उचलून धरला, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्या तलावावर ताई मुलांना पोहायला शिकवायची. दोन दिवसांत तिच्या साठापैकी एकवीस मुलांनी दुसरीकडे नावं घातली. आणखी दहा गेली असती तर वर्गच गुंडाळावा लागला असता.

धाकटी धावतपळत तलावावर पोचली. ताई रिकाम्या काठावर मुलांच्या पोहायच्या फळ्या रचत होती.

“खुलासा टाकलाय गं.”

“किती जणांनी वाचला?”

“एकेचाळीस.”

“आणि टाळं?”

धाकटीने फोन खिशात टाकला.

“अख्ख्या शहराला सांगायच्या आधी मला एक फोन करायचास,” ताई म्हणाली आणि पुढची फळी उचलली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“त्या एकवीस जणांची यादी दे,” ती म्हणाली.

दोन दिवस ती घरोघर फिरली. चौदा पालक परत यायला तयार झाले आणि तिचा जीव जरा भांड्यात पडला. एकोणिसाव्या घरी दार उघडलं ते एका मुलीच्या आजोबांनी. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नाही हो. साइटवर आलंय. आम्ही रोज वाचतो, तिथे खोटं येत नाही.”

“ते खोटंच होतं, आजोबा. मीच लिहिलं होतं. साइट माझीच आहे.”

आजोबांनी चष्मा सारखा करून तिच्याकडे नीट पाहिलं.

“मग बाकीचं?” त्यांनी विचारलं.