सफरचंदाच्या पेशी आणि संत्र्याचा रस

इलेशा गावातल्या आमच्या चर्चमागच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर पुड्या विकणाऱ्या कंपनीचे ‘डायमंड डायरेक्टर’ सॅमसन ओजो काचेचा पेला उंच धरून उभे. पेल्यात गारीचं, म्हणजे कसावाच्या कण्यांचं, गाळलेलं पाणी. त्यांनी कुपीतले थेंब टाकले आणि पाणी काळंकुट्ट झालं.

“हे तुमचं आजारी रक्त!” ओजो गरजले. “आणि हे सफरचंदाचे स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी. परदेशी सफरचंद हं, आपल्या बाजारातलं सुकलेलं नव्हे!” पुडी ओतली, ढवळली, पाणी निवळशंख. हालेलुयाच्या गजरात छताचे पत्रे थरथरले.

“साखर? जाते! मोतीबिंदू? पळतो! ए-एसचं ए-ए होतं! सकाळ-संध्याकाळ जिभेखाली एकेक पुडी. नवरा ऐकत नसेल तर त्याला दोन!”

बायका खो खो हसल्या. मी पहिल्या रांगेत कपाळाला हात लावून बसलो होतो, कारण माझ्या भाचीचं लग्न या पुडीवर अडलं होतं.

आमच्याकडे सोयरीक जमताना घराण्याआधी रक्त विचारतात. भाची वुराओला ए-एस आणि तिचा होणारा नवरा लेकानही ए-एस, म्हणजे दोघांच्या अंगात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एकेक अंश. स्वतः ठणठणीत, पण अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला तो आजार होण्याचा चारात एक धोका. म्हणून चाचणी पाहिल्याशिवाय आमचे पाद्री लग्न लावत नाहीत. इकडे दोन्ही घरांनी लग्नासाठी एकाच कापडाचे कपडे शिवून ठेवलेले! मग सगळ्यांनी एकच धोशा लावला, काहीही करा पण ए-ए, म्हणजे निर्दोष रक्ताचा अहवाल, आणा. जणू रोग पाद्रींच्या सहीतच दडून बसला होता.

सगळ्यात मोठा ध्यास माझ्या ताईला, वुराओलाच्या आईला. तिचा थोरला सिकलसेलनंच गेला. हाडं ठणकायला लागली की तो उशी चावायचा. तिला भोळी म्हणायची माझी छाती नाही.

इतक्यात वुराओलाला शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या मोजीसोला बाई उठल्या. “डायरेक्टरसाहेब, पुन्हा दाखवता? मागून नीट दिसलं नाही.”

“का नाही, मम्मी! चमत्कार कितीदाही बघा!” ओजोंनी खुशीत दुसरा पेला काळा केला. पुडीकडे हात जाणार तोच मंचाशी आलेल्या बाईंनी दाराशी विकत घेतलेलं सोललेलं संत्रं त्या पेल्यात करकचून पिळलं.

काळा रंग गेला. पाणी पिवळट झालं, वर दोन बिया तरंगू लागल्या.

“अगं बाई, संत्र्यातही स्टेम सेल?” कुणीतरी ओरडलं.

“संत्र्यात क जीवनसत्त्व आहे आणि यांच्या पुडीतही तेच असणार,” बाई म्हणाल्या. “कुपीत जखमेवर लावतो ते आयोडीन. गारीच्या पिठूळ पाण्यात ते काळं पडतं, क जीवनसत्त्वानं रंग उडतो. पेल्यात रक्ताचा थेंबही नव्हता.”

ओजोंनी घाम पुसला. “पण स्टेम सेल हे विज्ञान आहे, मम्मी! मोठमोठे डॉक्टर मानतात!”

“मानतात ना, म्हणून तर तुम्ही ते नाव चोरलंत. अहो, जन्मभर आपण कोनफळं कुटून खाल्ली, कुणाच्या अंगाला कोंब फुटला? सफरचंदाची पेशी पोटात जाऊन पचते. तिचं माणसाचं रक्त होत नाही.”

हशा ओसरला तशी वुराओला हळूच म्हणाली, “बाई, मग खऱ्या स्टेम सेलनं माझं ए-एस जाईल?”

“नाही गं, पोरी. जुळणाऱ्या भावंडाच्या हाडांच्या मज्जेतल्या मूळ पेशी देऊन सिकलसेलची काही मुलं बरी झालीत. पण आधी जहाल औषधं घ्यावी लागतात, जिवाला धोका असतो. धडधाकट माणसावर हे कुणी करत नाही. आणि रक्त बदललं तरी बाळाला द्यायचा वारसा बदलत नाही.”

वुराओलानं मान खाली घातली. लेकान शेजारी येऊन उभा राहिला.

मग ताई उठली. “साहेब, सिकलसेलनं गेलेला माझा मुलगा आज असता तर त्यालाही हेच दिलं असतंत?”

ओजोंना वाटलं, गिऱ्हाईक परत आलं. “अर्थात, मम्मी! आणि दवाखान्याच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद!”

“मी केल्या असत्या हो,” ताई म्हणाली. “तुमचं ऐकून मी माझ्या हातानं बंद केल्या असत्या.”

ओजो पेले आवरायला लागले.

वुराओलानं डोळे पुसले. “लेकान, खोट्या ए-एवर मला लग्न नको. उद्या दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे जाऊ. काय काय होऊ शकतं ते नीट ऐकू, मग करायचं की नाही ते आपण दोघं ठरवू.”

“चल,” लेकान म्हणाला. शिवलेल्या कपड्यांचं काय, असं त्याची मावशी विचारणार होती; मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

लोकहो, विज्ञानाचं नाव घेणारा प्रत्येक जण विज्ञान सांगत नसतो. कुणी पेल्यात रक्त शुद्ध करून दाखवलं तर विचारा, पेल्यात रक्त आहे का? चालू औषध सोडा म्हणाला तर आधी डॉक्टर गाठा. आशा जरूर धरा, पण पुडी जिभेखाली ठेवण्याआधी प्रश्न जिभेवर येऊ द्या.