आठवी पायरी

पलीकडच्या खोलीत धाकटी जाऊ "सहावी" म्हणाली, तसा थोरलीने फळीच्या भिंतीला लावलेला कान काढला आणि झटकन मशीनवर जाऊन बसली. सकाळपासून जागची हललेच नाही, असा चेहरा करून.

थोड्याच वेळात शिडीवाली आत आली. ही मुलगी एका मोठ्या धर्मादाय संस्थेची. संस्थेने वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. निम्म्या जणींना विजेवरचं मशीन लगेच, उरलेल्यांना पुढच्या वर्षी. तोवर ही मुलगी दोन्हीकडच्या बायकांकडे यायची, सगळ्यांना तेच ते प्रश्न विचारायची आणि मशीनने खरंच कुणाचं भलं होतं का, हे ताडून पाहायची. धाकट्या जावेची चिठ्ठी निघाली, थोरलीची नाही. म्हणजे जिला काहीच दिलं नाही, तिच्यावरूनच दिलेल्याचं मोजमाप व्हायचं. हा मान थोरलीला फुकटात मिळाला होता.

"काकू, समजा एक दहा पायऱ्यांची शिडी आहे," मुलीने शेवटचा, ठरलेला प्रश्न काढला. त्यावरूनच तिला ते नाव पडलं होतं. "तळाला सगळ्यात हलाखीतली माणसं, वर सगळ्यात सुखातली. तुम्ही कुठल्या पायरीवर?"

"सातवी," दाताने दोरा तोडत थोरली म्हणाली.

दर वेळी असंच. धाकटी जे म्हणेल, त्याच्यावर एक.

खरं तर धाकटीने तिचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. मशीनचं खोकं आलं त्या दिवशी ती धावत बोलवायला आली होती. "ताई, पहिली टीप तुम्हीच मारा."

"माझे हात पिठाचे आहेत गं," थोरलीने दाराआडूनच सांगितलं होतं. हात स्वच्छ कोरडे होते.

त्या दिवसापासून तिने कंबर कसली. पलीकडची मोटार घूं करून थांबली की मगच हिचे पाय पायमशीनवरून उतरायचे. नवऱ्याला काजं-बटणांना बसवलं.

"अगं, कसली शर्यत लावतेस?" तो बिचारा सुई ओवता ओवता म्हणे. "तिच्याकडे मोटार आहे. तुझ्याकडे मी."

"म्हणून तर मागे पडतेय. बटण लावा."

पण मागे ती पडली नाही. उशांच्या अभ्र्यांचे गठ्ठे धाकटीइतकेच खाली ठेकेदाराकडे जाऊ लागले, कधी जास्तही. ठेकेदाराने एकदा सगळ्यांदेखत तिच्या हाताची तारीफ केली, तेव्हा धाकटीचा चेहरा बघायला तिने मुद्दाम मान वळवली. धाकटी मनापासून हसत होती. थोरलीच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला.

गुडघे तेवढे सुजले. जिना उतरताना कठडा धरून मध्येच बसावं लागायचं. पण शिडीवालीच्या प्रश्नांत गुडघ्यांबद्दल काही नव्हतं, आणि आपण होऊन सांगायला थोरली काय वेडी होती? वर्षभर काढायचं, मग आपलंही मशीन येणारच होतं. रोज पाय शेकताना ती मनातल्या मनात त्याची जागा ठरवायची. खिडकीखाली, उजेडात.

वर्ष सरलं. शिडीवाली शेवटची आली. या वेळी धाकटी सातवी म्हणाली होती, म्हणून थोरलीने आठवी सांगून टाकली. मुलगी मात्र उठली नाही.

"काकू, एक सांगायचंय. ज्यांना मशीन मिळालं आणि ज्यांना नाही मिळालं, त्यांच्यात फरकच दिसला नाही. सगळ्या गल्ल्यांमध्ये हेच. मग संस्थेचं म्हणणं पडलं की मशीन देऊन काही उपयोग होत नाही. दुसरी फेरी रद्द झाली."

"म्हणजे माझं मशीन?"

"नाही येणार."

प्रत्येक गल्लीत भिंतीला लागलेला एकेक कान थोरलीच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"मला स्वतःला हे पटत नाही," मुलगी हळूच म्हणाली. "तुमचं काही सांगायचं राहिलं असेल तर सांगा ना. मी वर कळवीन. तुमच्यासारख्या चौघीजणी बोलल्या, तर अजून काही होऊ शकेल."

थोरलीने तोंड उघडलं. सगळं अगदी ओठांवर आलं होतं, शिडी, भिंत, सूज. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"ताई, गुडघ्यांचं सांगा ना." धाकटी चहाचे कप घेऊन उभी होती. "रोज कण्हता, ऐकू येतं मला."

भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच पातळ आहे, हे वर्षभरात थोरलीच्या डोक्यातच आलं नव्हतं. एक वेळ संस्थेची दया तिने पदरात घेतली असती. पण हिची? आणि तीही हिच्याच चहाच्या कपाबरोबर?

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "आठवीच लिही गं."

मुलगी गेली. थोड्या वेळाने धाकटीही गठ्ठा डोक्यावर घेऊन ठेकेदाराकडे निघाली. जाताना तिने आपल्या खोलीचं दार ओढून घेतलं नाही. मशीनच्या सुईत दोराही ओवलेलाच होता.

थोरली भिंत धरत धरत उठली, सोबत एक अभ्रा घेतला आणि पलीकडे गेली. सुईखाली कापड सरकवून तिने उजव्या पायाने खालचं बटण नुसतं दाबलं. टीप सरसर पुढे गेली, एका रेषेत. सुंदर होतं मेलं.

डावा पाय मात्र फरशीवर जुन्या सवयीने खाली-वर होतच राहिला.